साठ मिनिटांचा हंगाम

जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या आमच्या छोट्या कॉलेजचा फुटबॉल संघ यंदाही विद्यापीठाच्या झोनल स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात हरला. चार-शून्य. त्यानंतरच्या महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत प्रश्न निघाला, की हा संघ ठेवायचा कशाला? इतक्या वर्षांत दुसरी फेरी कधी दिसली नाही. तेवढ्याच पैशात एक कुस्तीगीर आणि दोन धावपटू तयार केले तर पदकं येतील आणि कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ती दाखवता येतील. संघाच्या बाजूने बोलणारेही होते. ते म्हणाले, खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, शिवाय संघामुळे कॉलेजचं नाव होतं, प्रवेश वाढतात. मी तिथे अर्थशास्त्र शिकवतो आणि गेली सतरा वर्षं या संघाबरोबर एसटीने फिरतो. दोन्हीकडचं ऐकताना मला सारखं वाटत होतं, की आवाज चढलेत खरे, पण दोघांच्याही हातात वही एकच आहे. घातलं किती आणि आलं किती. या वहीत आमचा संघ कायम तोट्यातच दिसणार.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संघ राहिला पाहिजे. मात्र आज आहे तसा राहून उपयोग नाही. आमच्या मुलांना संघ आहे, हंगाम नाही. आणि ज्याला आपण कॉलेजचं वातावरण म्हणतो, कॉलेजबद्दलची आपुलकी म्हणतो, ती संघाच्या असण्याने येत नाही. ती हंगामाने येते.

हंगाम नाही म्हणजे काय, ते जवळून बघावं लागतं. जूनच्या शेवटी कॉलेज सुरू होतं. पावसात मैदानाचा चिखल होतो, तरी मुलं सकाळी सहाला हजर असतात. कुणी धारा काढून येतो, कुणी डेअरीत दूध घालून तसाच सायकलवरून येतो. गेल्या वर्षी पास होऊन गेलेल्यांचे बूट नव्या मुलांत वाटले जातात. आठ नंबरचा पाय नऊच्या बुटात बसवायला पुढे कापड कोंबतात. इलिजिबिलिटी फॉर्म भरायचे, फोटो चिकटवायचे, प्राचार्यांच्या सह्या घ्यायच्या. दोन-अडीच महिने असे जातात. मग एका सकाळी एसटीने ऐंशी किलोमीटरवरच्या कॉलेजात जायचं, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ खेळायचे आणि हरायचं. सामने बाद पद्धतीचे, म्हणजे हरला तो घरी. आमच्या कॉलेजचा या वर्षीचा फुटबॉल तिथे संपला. बघायला कोण होतं? आम्हीच. बाकावरचे पाच राखीव खेळाडू, जिमखान्याचे सर आणि मी.

परतताना गोलकीपर माझ्या शेजारी बसला होता. ग्लोव्ह्जमधला चिखल नखाने खरवडत त्याने विचारलं, ''सर, आता मॅच कधी?'' तो तिसऱ्या वर्षाला आहे. मी काय सांगणार होतो?

आता विरोधी मुद्दे. ते हलके नाहीत, आणि त्यांना वळसा घालून माझं म्हणणं पुढे नेलं तर तेही त्या बैठकीइतकंच कच्चं राहील.

सगळ्यात वजनदार मुद्दा आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेने मांडला. जिमखाना फी प्रत्येक विद्यार्थी भरतो. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुली आहेत. त्यांच्या पैशातून सोळा मुलांची जर्सी, बॉल, प्रवास होतो. मुलींच्या वाट्याला जिमखाना डेची रांगोळी स्पर्धा आणि लिंबू-चमचा. हा मुद्दा मला खोडता येत नाही. खोडायचाही नाही. हा अन्याय आहे, आणि माझ्यासारखे संघावर जीव लावणारे लोक इतकी वर्षं त्याकडे बघत राहिले, हेही खरं आहे. पण यातून संघ बंद करा हे उत्तर निघतं का? मुलांचा संघ मोडून वाचलेले पैसे मुलींच्या खेळाकडे वळतील, असं त्या बैठकीत कुणीही म्हणालं नाही. ते पदकांकडे वळणार होते. मुलींना मैदान हवं असेल तर आधी मैदान जिवंत राहायला हवं. ज्या कॉलेजात मैदानावर कुणीच उतरत नाही, तिथे ते लग्नसमारंभांना आणि प्रदर्शनांना भाड्याने जायला वेळ लागत नाही. एकदा तिथे मांडवाचे खांब रोवले गेले, की मुलींच्या संघाची मागणी कुठे उभी राहून करायची?

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. छोट्या कॉलेजातून फुटबॉलपटू घडत नाहीत, असं म्हणतात. मान्य. आजच्या फुटबॉलमध्ये ज्याच्यात खरी चमक आहे तो पंधरा-सोळाव्या वर्षीच कुठल्या तरी अकादमीत पोचलेला असतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला. अठराव्या वर्षी बी.कॉम.ला प्रवेश घेऊन पहिल्यांदा स्टडचे बूट घालणारा मुलगा देशासाठी खेळणार नाही. तो आमच्या तालुक्यासाठीही खेळेल की नाही, शंकाच आहे. पण मग ग्रंथालयात कथासंग्रह वाचणाऱ्या मुलीला आपण विचारतो का, की तू लेखिका होणार नसशील तर पुस्तक कशाला घेतेस? स्नेहसंमेलनाच्या नाटकात भालदार झालेल्या मुलाकडून आपण नटसम्राट होण्याची हमी मागतो का? खेळाच्या बाबतीतच हा प्रश्न आपल्याला रास्त वाटतो, कारण खेळाला आपण शिक्षणाचा भाग कधी मानलंच नाही. पदक आलं तर सत्कार, नाही आलं तर उधळपट्टी.

आणि संघाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे तर मला विरोधकांच्या मुद्द्यांहून जास्त घातक वाटतात. नोकरीतलं आरक्षण ज्या पातळीवरच्या कामगिरीवर मिळतं, तिथपर्यंत आमचा एकही मुलगा पोचलेला नाही. ते गाजर त्याला दाखवणं ही फसवणूक आहे. शिवाय खेळ केवळ प्रमाणपत्रासाठी उरला की काय होतं, हे आपण पाहिलं आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं याच राज्यात उघड झाली. मैदानावर पायही न ठेवलेल्यांनी घाम गाळलेल्यांच्या जागा घेतल्या. आणि संघामुळे प्रवेश वाढतात म्हणावं तर आमच्याकडे प्रवेश घेताना एकाही पालकाने फुटबॉल संघाची चौकशी केल्याचं मला आठवत नाही. ते एसटीच्या वेळा आणि शिष्यवृत्ती विचारतात. तेच विचारायला हवं. म्हणून म्हणतो, या युक्तिवादांवर संघ टिकवला, तर ज्या दिवशी कुणी आकडे मागेल त्या दिवशी तो संपेल.

अशा चर्चेत शिकागो विद्यापीठाचा दाखला हमखास निघतो. आमच्याकडेही निघाला. तिथला खेळ अमेरिकी फुटबॉलचा, म्हणजे वेगळा, पण प्रश्न तोच आहे. एके काळी हे विद्यापीठ त्या खेळातलं मोठं नाव होतं. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा, आज ज्याला हाइस्मन करंडक म्हणतात, तो करंडक १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला तेव्हा शिकागोच्याच जे बरवँगरला मिळाला. चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, मिशिगनने त्यांना ८५-० असं चिरडलं आणि त्याच डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी संघ बंद केला. पुढे संघाच्या त्याच स्टॅग मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली, स्क्वॉशसारख्या खेळाच्या एका कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. फुटबॉल गेला आणि विज्ञान आलं! दाखला इतका चपखल बसतो, की पुढचं कुणी वाचत नाही. १९६९ साली शिकागोने फुटबॉल परत सुरू केला. पण मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीत परत बसायला नाही. ते आज ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. हचिन्स यांनी जे मोडलं तो खेळाचा धंदा होता, आणि तो मोडणं योग्यच होतं. तीस वर्षांनी परत आला तो खेळ. आमच्या सोळा मुलांमध्ये मोडण्यासारखा धंदा आहे तरी कुठला?

शिकागोपेक्षा स्वार्थमोर कॉलेजचं उदाहरण आम्हाला जास्त जवळचं आहे. पेनसिल्व्हेनियातलं हे कॉलेज तेव्हा जेमतेम चौदाशे विद्यार्थ्यांचं होतं. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी फुटबॉल बंद केला, आणि माजी विद्यार्थी व खेळाडू संतापले. पण त्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकी फुटबॉलला पन्नास-साठ खेळाडूंचा ताफा लागतो. इतक्या छोट्या कॉलेजात तेवढे खेळाडू आणायचे तर प्रवेशाच्या कितीतरी जागा खेळाकडे बघून द्याव्या लागतात, आणि मग इतरांच्या जागा जातात. हा प्रश्न खरा होता. आमच्याकडे मात्र खेळासाठी एकही जागा जात नाही. जो प्रवेश घेऊन आलाय आणि सकाळी सहाला उठायला तयार आहे, तो खेळतो. त्यांचं औषध आपल्याला लागू नाही, कारण त्यांचा आजार आपल्याला नाही.

आपला आजार कळायला आणखी मागे, १८८८ सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. तिथल्या क्लबांची एफए कप ही स्पर्धा १८७१ मध्ये सुरू झाली होती, बाद पद्धतीची. क्लब वाढले, प्रेक्षक वाढले, पण वर्षाचं गणित कुणालाच जमेना. कपातून लवकर बाहेर पडलं की पुढे मैत्रीपूर्ण सामने, आणि ते ऐनवेळी रद्द व्हायचे. लोक मैदानावर येऊन परत जायचे. बर्मिंगहॅमचे कापडदुकानदार आणि ॲस्टन व्हिलाचे एक संचालक विल्यम मॅकग्रेगर यांनी इतर क्लबांना पत्रं लिहिली. ठरलेले संघ, ठरलेल्या तारखा, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा समोरच्याच्या मैदानावर खेळायचं, एवढीच त्यांची सूचना. सप्टेंबरात बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली आणि प्रत्येकाला बावीस सामन्यांची खात्री मिळाली. हरणाऱ्यालाही. आज जगभर शनिवार-रविवारी माणसं ज्या वेडाने आपल्या संघाच्या मागे जातात, त्याचा पाया या साध्या कल्पनेत आहे: हरलात तरी पुढच्या आठवड्यात सामना आहे.

आम्ही मात्र १८८८ च्या आधीच अडकलो आहोत. विद्यापीठाच्या झोनल स्पर्धेचा हेतू विद्यापीठाचा संघ निवडणं हा आहे, आणि त्या कामासाठी बाद पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. त्यात विद्यापीठाची चूक नाही. चूक आपली, की निवडीच्या स्पर्धेलाच आपण हंगाम समजलो. अर्ध्या कॉलेजांचा फुटबॉल पहिल्याच फेरीत संपतो, आणि मग आपण तक्रार करतो की मुलांना कॉलेजबद्दल काही वाटत नाही. वाटायला त्यांनी बघितलं काय?

सात वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा संघ आमच्याकडे आला होता. कुठल्या स्पर्धेसाठी नाही, त्यांच्या जिमखान्याच्या सरांची आणि आमच्या सरांची जुनी ओळख म्हणून. आदल्या संध्याकाळी मुलांनी फक्की मारली. दोरी नीट ताणली नव्हती, त्यामुळे एक बाजूची रेषा कॅन्टीनकडे वाकडी गेली ती गेलीच. सामना तीनला. अडीचपासून गच्चीच्या कठड्याला मुली उभ्या होत्या. सव्वातीनला ग्रंथालय रिकामं झालं आणि ग्रंथपाल स्वतः कुलूप लावून मैदानावर आल्या. आमचे शिपाईमामा गोलपोस्टच्या मागे बसले आणि त्यांनी आमच्या गोलकीपरला इतक्या सूचना दिल्या की शेवटी पंचांना येऊन त्यांना विनंती करावी लागली. आम्ही एक-तीनने हरलो. पण तो एक गोल! इतिहास विभागाच्या एका अबोल मुलाने कॉर्नरवर डोकं लावलं, चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून जाळीत गेला, आणि गच्चीवरून जो आवाज उठला तो मी त्या इमारतीत त्याआधी किंवा त्यानंतर ऐकलेला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला तो मुलगा शेवटच्या बाकावर नेहमीसारखा मान खाली घालून बसला होता. वर्गातल्या मुली आपसात कुजबुजून त्याच्याकडे बघत होत्या, आणि तो कानापर्यंत लाल झाला होता. तीन वर्षं त्या वर्गात त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसाबद्दल मला गोलाहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पाहुण्या संघाला कपडे बदलायला खोली हवी होती, म्हणून मुलांनी एक वर्ग झाडून दिला. एनसीसीच्या मुली प्रथमोपचाराची पेटी घेऊन रेषेवर बसल्या. त्यांच्या एका खेळाडूचा घोटा मुरगळला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन जाणारे आमचे होते. सामना संपल्यावर कॅन्टीनवाल्याने दोन्ही संघांना वडापाव दिले. कॉलेजचं वातावरण म्हणून आपण जे शोधत असतो ते मला यात दिसतं. आपल्या दारात कुणी आलं की घर आवरावं लागतं, आणि घर आवरताना ते आपलं वाटू लागतं. परगावच्या मैदानावर साठ मिनिटं खेळून परतणाऱ्या संघाला हे कधीच मिळत नाही. घरच्या मैदानावरचा एक पराभव सगळ्या कॉलेजचा होतो.

यावर कोल्हापूरकडे बोट दाखवलं जातं, आणि ते दाखवणं रास्त आहे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असले की पेठाच्या पेठा लोटतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तिथे घराण्यांसारखी सांगितली जातात. आणि त्याच स्टेडियममध्ये समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबले आहेत, हाणामाऱ्या झाल्या आहेत. आपलेपणा वाढवायला जाल आणि वैर वाढवून बसाल, असा हा इशारा. मी तो गंभीरपणे घेतो. पण त्याच शहराने हेही दाखवलं आहे, की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमुळे तिथल्या पोराला हंगामभर फुटबॉल मिळतो. आमच्या गावाला ना तालीम, ना पेठ. आमच्या मुलाला कॉलेजचा संघ नसेल तर कुठलाच संघ नाही. आणि वैराचंच म्हणाल, तर ज्या कॉलेजच्या मुलांनी आपल्या खेळाडूला खांद्यावरून नेलं, त्यांच्याशी मारामारी करणं थोडं तरी अवघड जातं असा माझा अनुभव आहे.

हरणाऱ्या संघाने वातावरण कसं तयार होईल, हा प्रश्न उरतो. कॅलिफोर्नियातलं कॅलटेक हे शास्त्रज्ञांचं विद्यापीठ. त्यांचा बास्केटबॉल संघ आपल्या गटात १९८५ पासून सलग ३१० सामने हरला. मधल्या सव्वीस वर्षांत मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या गटातला एकही विजय न बघता पदवी घेऊन गेल्या, आणि प्रत्येक वर्षी नवी मुलं संघात आली. २२ फेब्रुवारी २०११ च्या रात्री ते ऑक्सिडेंटलविरुद्ध ४६-४५ असे जिंकले आणि प्रेक्षक मैदानात धावले. मला त्या एका गुणाच्या विजयाहून आधीचे ३१० सामने मोठे वाटतात. ते झाले, कारण तारखा ठरलेल्या होत्या आणि कुणीही म्हटलं नाही की आता खेळू नका.

आपल्याकडच्याच एका गोष्टीकडेही आपण उलट्या बाजूने बघतो. खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट प्रत्येक क्रीडा दिनी सांगितली जाते, आणि सांगताना शेवट कांस्यपदकाने होतो, जणू त्या पदकामुळे गहाणखत सार्थ ठरलं. पण सही करताना प्राचार्यांपुढे पदक नव्हतं. चार वर्षांपूर्वी लंडनला खाशाबा सहावे आले होते, एवढंच होतं. खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते तर खर्डेकरांचा निर्णय चुकीचा ठरला असता का? त्यांच्यापुढे आपल्या कॉलेजचा एक विद्यार्थी होता आणि त्याला खेळायचं होतं. आज समितीच्या बैठकीत आपण घर गहाण टाकायला सांगत नाही. चार बॉल, एक जाळी आणि काही तारखा मागतोय.

म्हणून मी बैठकीत जे तोंडी नीट मांडू शकलो नाही ते लेखी दिलं आहे. वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या अंतरात आमच्यासह पाच कॉलेजं आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. दहा सामने होतात, प्रत्येकाला चार, त्यातले दोन घरी. शनिवारी दुपारी, तास संपल्यावर, म्हणजे हजेरीचा प्रश्न येत नाही. प्रत्येक सामन्याआधी त्याच मैदानावर मुलींच्या सात-सात जणींच्या संघांचा सामना, आणि जिमखान्याच्या खर्चात दोघांचा वाटा सारखा. ही अट मी पहिल्या ओळीत लिहिली आहे, कारण ती वगळून बाकी काही मागण्याचा अधिकार मला वाटत नाही. झोनलला संघ जाईलच. तो पहिल्या फेरीत हरला तर पुढच्या शनिवारी खेळेल.

दोन कॉलेजांच्या जिमखान्याच्या सरांनी फोनवर होकार दिला आहे, एकांनी प्राचार्यांना विचारून सांगतो म्हटलंय. आमच्या मैदानाचा पश्चिमेकडचा गोलपोस्ट पावसात कलला आहे, तो मुलांनी परवा दोर बांधून सरळ केला. गोलकीपरला मी यादी दाखवली. त्याने आधी घरच्या सामन्यांच्या तारखा पाहिल्या, आणि मग विचारलं, त्या दिवशी आईला आणलं तर चालेल का.